कुणाच्या अंगी लागलं

२७ जानेवारी २०१९, रविवार

दिवाळीत गावातली दूध डेअरी बंद पडली तेव्हापासून वहीला हात लावला नव्हता. गाईच राहिल्या नाहीत तर दूध कुठलं, आणि दूध नाही तर मी काटा धरून काय करू! आज वही काढली, कारण आज चारचौघांत तोंड उघडून बसलोय आणि आता ते निस्तरायला लागणार.

मेंढीपालन सहकारी संस्थेची बैठक मारुतीच्या पारावर झाली. पाऊस गेला, चारा गेला, छावणीवाले मोठ्या जनावरांनाच दारात घेतात. चेअरमन आबासाहेब म्हणाले, "गहिनीनाथ, तुमी सेक्रेटरी हायेत. इकून टाकू समदा कळप आन कुलूप लावू संस्थेला. जगवायचं कशावर?" बाकीच्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. माझं डोकंच फिरलं. उठून म्हणालो, सगळी मेंढरं सारखी खात नाहीत आणि सारखी वाढतही नाहीत. काही नुसती खादाड. काही थोडं खातात, पण खाल्लेलं अंगी लागतं. असा एक नर हुडकू, त्याचीच पैदास ठेवू. ती जात दुष्काळात तगेल. संस्थेचं उरलेलं खाद्य मला द्या, बारा कोकरं द्या, पाडव्याला दाखवतो.

आबासाहेब म्हणाले, "आन न्हाई दावलं तर?"

"तर विका कळप. मी हूं का चूं करणार नाही."

घरी येऊन मालनला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "बारा कोकरांचं खानं मोजनार व्हय? आपल्या लेकीनं, छबूनं, कदी किती खाल्लं ते ठावं हाय का तुमाला?" बायकोला काही सांगायला जावं तर हे असं.

३ फेब्रुवारी, रविवार

मागच्या पडवीत बारा कप्पे पाडले. प्रत्येकाची गव्हाण वेगळी, पाण्याचं घमेलं वेगळं. भरडा, सरकी पेंड, कडब्याची कुट्टी मोजून घालायची, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं झाडून परत मोजायचं. कोकराचं वजन दर रविवारी. ही सगळी रीत बीडचे जनावरांचे डॉक्टर शहादेव यांनी शिकवली. पोरगेलेसे आहेत, पण बोलणं सरळ. म्हणाले, "काका, एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं, एवढंच बघायचं. बाकी सगळं बोलणं."

डेअरीचा काटा अंगणात आणून ठेवला. तर गल्लीतल्या बायका जमल्या आणि कोकरं राहिली बाजूला, एकेक काट्यावर चढून बघायला लागली. शेजारची बायनाबाई चढली तर काटा कुरकुरला. हसून हसून पुरेवाट झाली. मालनला म्हणालो, "तू पण चढ." तर पदर सावरत म्हणाली, "मला काय बाजारात न्यायचंय का?" आणि आत गेली.

११ फेब्रुवारी

मेंढराला अक्कल नसते म्हणणाऱ्यानं माझ्या पडवीत आठ दिवस बसावं. एकेकाची खायची तऱ्हा वेगळी. तीन नंबरचा तोंड घालतो तो गव्हाण संपेपर्यंत काढतच नाही. सात नंबर आधी भरडा वेचून खातो, मग कुट्टीकडं असा बघतो जणू मीच ती चोरून घातली. नऊ नंबर पायानं अर्धं सांडतो. पक्का वाया घालवणारा, बाप श्रीमंत असल्यासारखा.

आणि बारा नंबर. शेवटचा कप्पा, मागच्या दाराला लागून. पांढरं अंग, डोळ्याभोवती काळं, म्हणून मालननं नाव ठेवलं काजळ्या. हा दोन घास खातो, मान वर करतो, बसतो, रवंथ करतो, परत येऊन दोन घास. सकाळी गव्हाणीत कायम उरलेलं. वाटलं हा आजारी पडणार.

२० फेब्रुवारी

रविवारचं वजन तीनदा केलं, काटा बिघडला म्हणून. काटा नीट आहे. काजळ्या सगळ्यांत कमी खातो आणि सगळ्यांत जास्त वाढतोय. आनंदानं मालनला हाक मारली तर तिला ठसका लागलेला. जेवताना हल्ली रोज लागतो. पाण्यानं पण लागतो. म्हणालो, "अगं, घाई कशाला करतेस? काजळ्याकडून शीक. एकेक घास, सावकाश. त्यामुळंच तर त्याच्या अंगी लागतंय."

ती डोळे पुसत म्हणाली, "व्हय. शिकते."

तिनं जेवायची जागा पण बदलली आहे. माझं झालं की आपलं ताट घेऊन मागच्या दाराच्या उंबऱ्यात जाऊन बसते. म्हणते, तिथं गार वाटतं. बरं आहे, कोकरांकडं पण लक्ष राहतं.

४ मार्च, महाशिवरात्र

आज उपवास. माझा वर्षातला हा एक. मालनचे मात्र वाढत चाललेत. सोमवार होताच, आता गुरुवार धरला, शनिवार धरला, आणि नारायणगडाला काहीतरी बोललीय म्हणून दोन्ही एकादशी. साबुदाण्याची पण नुसती लापशी करून पिते. म्हणालो, एवढ्या उपवासानं तरी पाऊस पडायला पाहिजे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जातात म्हणून तिनं त्यांना दोरा गुंडाळलाय. उन्हाळ्यात माणूस जरा वाळतंच. टँकरवरून दोन घागरी आणायची, आता एकच आणते, त्यामुळं मला दोनदा जायला लागतं. पाठीचं वाटोळं.

१० मार्च, रविवार

आज लिहायला हात शिवशिवतोय. बाकीच्यांना किलोभर वाढायला सहा-सात किलो लागतंय, काजळ्याला चारच्या आसपास! डॉक्टर शहादेवांना फोन लावला.

"काका, एवढं कमी सहसा बसत नाही. त्याला दुसरं काही खायला मिळतंय का? पाला, उष्टं, काही?"

असा राग आला! म्हणालो, "डॉक्टर, तीस वर्षं डेअरीत काटा धरला, दुधात पळीभर फरक कधी होऊ दिला नाही. माझ्या पडवीत मला विचारल्याशिवाय चिमणी दाणा टिपत नाही."

ते म्हणाले, येऊन बघतो. या म्हटलं, खुशाल या.

आबासाहेबांच्या कानावर पण घातलं. पहिल्यांदाच बरं बोलले. "गहिनीनाथ, हे खरं निगालं तर कळपाला हात लावत न्हाई मी." घरी येताना मालनला पारावरच्या टपरीतून पेढे आणले. तिनं एक चिमूट तोंडात टाकली आणि बाकीचे देवापुढं ठेवले. अर्ध्या तासानं देवापुढं गेलो तर नव्हते. म्हणजे गोड अजून आवडतं तिला.

१८ मार्च

बायनाबाई सकाळी कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "गहिनीनाथ, बाबा, मालनीकडं ध्यान हाय का तुजं? वाळून चिपाड झाली की रं."

म्हणालो, "ताट चाटूनपुसून लख्ख असतं तिचं. मी रोज बघतो." खरंच बघतो. घासायच्या भांड्यात तिचं ताट पडलेलं असतं, एक शीत नसतं त्यात. बायनाबाईला दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायची सवयच आहे.

दुपारी मालन पण म्हणाली, आवाज बसलेला, "आवो, एकदा बीडला जायाचं का? घसा दाखवू."

म्हणालो, बारा तोंडं मोजायची सोडून कसं येऊ? एक दिवस चुकला तर सगळा हिशेब गेला. पाडवा होऊ दे, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जाऊ. तोवर हळद-दूध घे.

"बरं," म्हणाली. अडून बसायचा तिचा स्वभावच नाही, ही एक मोठी सोय आहे.

२५ मार्च

ऊन असं की पडवीचा पत्रा वाजतो. सगळी कोकरं मान टाकून पडलेली. फक्त काजळ्या दुपारी बरोब्बर मागच्या दाराकडं तोंड करून उभा राहतो आणि ओरडतो. मालनचा लळा लागलाय त्याला. ती उंबऱ्यात बसली की गप्प होतो.

२ एप्रिल

आग लागो या दिवसाला.

डॉक्टर शहादेव सकाळीच मोटरसायकलवर आले. सगळी पडवी फिरले, काटा तपासला, गव्हाणी झाडून बघितल्या. "काका, तुमचं काम चोख आहे," म्हणाले. माझी छाती भरून आली. दुपारी आम्ही जेवलो. मालननं वाढलं, मग आपलं ताट घेऊन मागं गेली. डॉक्टर हात धुवायला मोरीकडं गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. बघायला गेलो तर ते भिंतीला धरून उभे, आणि पलीकडं उंबऱ्यात मालन. भाकरी डाळीत कुस्करून, मऊ काला करून, एकेक घास हातानं काजळ्याला भरवत होती. तो मन लावून खात होता. सगळी भाकरी. मग ताट त्याच्यापुढं धरलं, त्यानं ते चाटून लख्ख केलं.

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. सगळं बोललो. दोन महिने राबलो, गावापुढं शब्द दिला, आणि घरातच चोर! डॉक्टरांसमोर माझी अब्रू गेली. आबासाहेबाला काय तोंड दाखवू?

ती उठली पण नाही. म्हणाली, "जात न्हाई वो खाली."

"काय जात नाही?"

"घास. संक्रांतीपासनं आडतोय. आदी भाकर आडायची, मग भात, आता पानीबी. मग त्याला घातलं. दुस्काळात अन्न टाकायचं कुटं? उकिरड्यावर टाकलं तर लोक थुंकतील तोंडावर."

म्हणालो, "मग दोन भाकरी कमी थापायच्या होत्या!"

"तुमाला मोजायची सवं. कमी थापल्या असत्या तर तुमी इचारलं असतं."

डॉक्टर तिच्यासमोर खाली बसले आणि तिलाच काहीबाही विचारत राहिले, दुखतं का, उलटी होते का. जाताना मला म्हणाले, "काका, काकूंना उद्याच बीडला न्या." कोकराचं नावही काढलं नाही. मला त्याचाही रागच आला. सगळं वाया गेलं. दोन महिने सगळे वाया.

३ एप्रिल

बोललो नाही तिच्याशी. चहा तिनं ठेवला, मी घेतला नाही. दोनदा डॉक्टर शहादेवांचा फोन आला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तर म्हणाले, "काका, तुम्ही अजून घरीच?" आवाज असा होता की मी उभा राहिलो.

दुपारी ती भाकरी थापत होती. मी चुलीजवळ जाऊन बसलो. कितीतरी वर्षांनी. म्हणालो, माझ्यासमोर एक घास खा. तिनं कडेचा मऊ तुकडा घेतला, चावला, चावला, पाणी घेतलं. मान ताणली. डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळं परत ओंजळीत आलं. ती शरमली. पदरानं पुसत म्हणाली, "बगू नका वो."

४ एप्रिल, बीड

एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. काही वजनच लागत नव्हतं.

दवाखान्यात घशातून दुर्बीण घातली. ती आत जाईना इतकी वाट चिकटलेली. अन्ननलिकेत गाठ. तुकडा तपासायला पाठवला, पण डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं तेव्हाच मला कळलं. मग नर्सनं मालनला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा लिहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी किती होतं वजन यांचं? दोन-तीन महिन्यांपूर्वी?"

मला सांगता येईना.

त्यांना वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून परत विचारलं. बारा कोकरांची दर रविवारची वजनं तोंडपाठ आहेत मला. नऊ नंबरनं कुठल्या दिवशी किती सांडलं ते सांगेन. मी तिथं बैलासारखा उभा. मालनच म्हणाली, "कुनी मोजलंच न्हाई, बाई. मीच चडले न्हाई काट्यावर." तिथंही मलाच सांभाळून घेतलं.

६ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली नाही. बायनाबाईनं मालनच्या नावानं साखरेची गाठी आणून दिली. ती नुसती ओठाला लावून बसली.

पारावर गेलो. सगळे वाट बघत होते. सांगून टाकलं की काजळ्या वेगळा नाही, माझ्या बायकोचं जेवण त्याच्या पोटात जात होतं आणि मला दिसलं नाही. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आबासाहेब टोपी काढून बसले होते. म्हणाले, "घरला जा, गहिनीनाथ. कळपाचं आमी बगतो." म्हणजे विकणार. मी हूं का चूं केलं नाही.

१९ एप्रिल

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. लेक छबू परळीहून आली, ती बरोबर होती. लई पसरलंय म्हणाले. कापून काढण्यासारखं राहिलं नाही. संक्रांतीला आला असता तर, एवढं बोलून ते डॉक्टर थांबले, कारण छबू माझ्याकडं बघत होती. जगेल तोवर पोटात जावं म्हणून पोटालाच भोक पाडून नळी बसवली.

आता मी मोजून घालतो. सकाळी गाळलेली पेज, दुपारी ताक, संध्याकाळी दुधात अंडं. नळी वर धरायची, सावकाश ओतायचं. घाई केली तर तिच्या पोटात कळ येते. पहिले दोन दिवस किती गेलं ते लिहून ठेवलं, मग सोडून दिलं. कितीही घाला, अंगी लागत नाही. अंगातली गाठच सगळं खाते.

२६ एप्रिल

काजळ्या बिनभाकरीचा झाला आणि बाकीच्यांसारखाच निघाला. गव्हाणीतलं हावरटासारखं खातो आणि वाढत काही नाही. दुपारी अजून मागच्या दाराकडं तोंड करून ओरडतो.

आज मालन खाटेवरून म्हणाली, "ताट वाडा मला."

म्हणालो, "अगं, तुला..."

"वाडा तर."

मी थापलेली भाकरी, जाड, एका बाजूनं करपलेली. डाळ घातली. तिला धरून उंबऱ्यात बसवलं. तिनं तिथं बसून सगळा काला केला आणि काजळ्याला भरवला. मी शेजारी बसून बघितला एकेक घास. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तिच्या जेवणाला मी शेजारी बसलो तो आज. आणि जेवला तो काजळ्या. मला रडू आलं. ती म्हणाली, "गप बसा. त्येला ठसका लागंल."

५ मे, रविवार

संस्थेचा कळप आज गेला. व्यापाऱ्याचा ट्रक आमच्याच दारात उभा केला, कारण काटा आमच्या अंगणात. सकाळपासून वजनं चालली होती. मी आकडे सांगत होतो, आबासाहेब खाली मान घालून उतरून घेत होते. छबूनं मालनची खाट दारात आणून ठेवली होती.

बारा कोकरं शेवटी. काजळ्या सगळ्यांत मागं राहिला होता, आबासाहेब म्हणाले, "ह्यो ऱ्हाऊ दे वहिनीला." मालननं हात हलवला. "न्हाई. माज्या माघारी ह्येनला सवताचं हुईना, त्येचं कोन करील? जाऊ द्या." काजळ्याला ट्रकमध्ये चढवला तेव्हा तो तिच्याकडं तोंड करून ओरडला. ती त्याच्याकडं बघत राहिली, ट्रक वळेपर्यंत. आबासाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. संस्था संपली.

अंगणात मी, ती आणि काटा. छबू पाण्याला गेली होती.

मालन म्हणाली, "मला उबं करा की त्येच्यावर. त्या दिशी न्हाई म्हनलं होतं मी."

"कशाला आता?"

"करा म्हनते न्हवं."

काखेत हात घालून उचललं. अनवाणी पाय काट्यावर टेकवले. तिचा तोल जात होता म्हणून जरा धरलं, मग क्षणभर सोडलं. लाल आकडा आला. तिला चष्म्याशिवाय तो दिसत नाही.

"किती?"

मी म्हणालो, "बावन्न."

ती हसली. आवाज आता राहिला नाही, नुसते ओठ हलले. "जलमभर दुदात पळीचा फरक केला न्हाई, आन आता काटा खोटा सांगता व्हय?"

तिला उचलून आत नेलं, खाटेवर निजवलं, उशी सारखी केली. पेजेची वेळ झाली होती, ती गरम करायला ठेवली. मग आठवण झाली म्हणून बाहेर जाऊन काटा बंद करून आलो.